खडूस, तिरसट, तुसडा: इंग्रजीत नेमका शब्द कसा निवडायचा

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला वाईट स्वभावासाठी शब्दांची ददात नसते. घरात तापट, तिरसट, तुसडा, कुजकट हे शब्द असतात. उंबऱ्याबाहेर खडूस, अकडू, सनकी, नकचढा यांची भर पडते. पण सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात किंवा भंवरकुआच्या क्लासात इंग्रजी सुरू झालं की हा सगळा साठा तीन शब्दांवर येतो: रूड, अ‍ॅरोगंट आणि शॉर्ट टेम्पर. त्यातला तिसरा तर बहुतेक वेळा चुकीचाच वापरला जातो. याच्या उलट चूक म्हणजे कोशातून उचललेला जडजंबाल शब्द. तिशीतल्या टीम लीडला कुणी 'कँटँकरस' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काठी आपटत येणारे आजोबा उभे राहतात.

दोन्हीकडे चुकतो तो क्रम. शब्द आधी शोधला जातो आणि माणूस नंतर बघितला जातो. खालचे टप्पे म्हणूनच उलटे लावले आहेत. घाई असेल तर पाचवा आणि सहावा टप्पा नंतर वाचा, पण पहिले तीन सोडू नका.

## तयारी

एक वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: मराठी शब्द, तो माणूस नेमकं काय करतो, इंग्रजी शब्द, तो शब्द कुठे चालत नाही. दुसरा रकाना लोक हमखास रिकामा ठेवतात, आणि सगळं काम त्याच रकान्यावर अवलंबून असतं.

नुसत्या इंग्रजी-मराठी कोशावर विसंबू नका. 'चिडखोर, तिरसट, तुसडा' ही एकच माळ त्यात पाच वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांपुढे सापडते. सोबत इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी हवी. इंटरनेटवर चांगल्या डिक्शनऱ्या फुकट आहेत. शब्दाचा अर्थ वाचण्याआधी त्याच्या शेजारची खूण वाचा: इन्फॉर्मल, फॉर्मल, डिसअप्रूव्हिंग, ओल्ड-फॅशन्ड, ऑफेन्सिव्ह, ब्रिटिश, अमेरिकन. चौथा रकाना या खुणांवरूनच भरायचा.

या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत आहेत. वहीत उतरवताना स्पेलिंग डिक्शनरीतून घ्या, उच्चारावरून बनवू नका. एका बैठकीला दहा-बारा शब्द पुरे. पन्नास शब्दांची यादी पाठ केली की बोलताना त्यातला एकही वेळेवर आठवत नाही.

## टप्पा १: मराठी शब्द आधी फोडा

आपले बरेच शब्द एकाच वेळी दोन-तीन गोष्टी सांगतात. इंग्रजीत त्या वेगळ्या करून सांगाव्या लागतात.

'खडूस' घ्या. हसत नाही म्हणून खडूस असेल तर 'सर्ली' किंवा 'ग्रम्पी'. खिशात हात घालत नाही म्हणून खडूस असेल तर 'स्टिंजी' किंवा 'टाइट-फिस्टेड'. सुट्टी मागितली की नियम दाखवतो म्हणून खडूस असेल तर 'स्ट्रिक्ट' किंवा 'इनफ्लेक्सिबल'. एकाच साहेबात तिन्ही गुण नांदू शकतात, पण वाक्यात तुम्हाला कोणता सांगायचा आहे ते आधी ठरवा.

'घुम्या' म्हणजे मुळातच कमी बोलणारा असेल तर 'क्वाएट', आणि त्यात वाईट काही नाही. राग गिळून गप्प बसलेला असेल तर 'सलन'. हा फरक चुकला तर एखाद्या साध्या, अबोल माणसाची बदनामी होते.

इंदुरात 'शिष्ट' हा शब्द विशेष घोळ करतो. हिंदीत शिष्ट म्हणजे सभ्य. आपल्या बोलीत 'फार शिष्ट आहे ती' म्हणजे नाक वर करून वागणारी. पहिल्या अर्थाला 'पोलाइट', दुसऱ्याला 'स्टक-अप' किंवा 'स्नूटी'. डोक्यात हिंदी चालू आहे की मराठी, हे भान ठेवलं नाही तर अर्थ पार उलटा होतो.

'सनकी' आणि 'विक्षिप्त' यांत राग असायलाच हवा असं नाही. तिथे 'एक्सेंट्रिक' पुरतं. आपल्याकडे अशा माणसाला 'क्रँकी' म्हणतात, पण त्या शब्दाची गडबड सहाव्या टप्प्यात पाहू.

तपासणी: दुसऱ्या रकान्यात क्रियापद आहे का? 'दार आपटतो', 'उत्तर देत नाही', 'सगळ्यांसमोर टोमणा मारतो' असं काही लिहिलेलं असेल तर पुढे जा. 'वाईट आहे', 'डोक्यात जातो' एवढंच असेल तर थांबा. ते तुमच्याबद्दल झालं, त्याच्याबद्दल नाही.

## टप्पा २: आजचा राग की जन्माचा स्वभाव

'ही इज अँग्री' म्हणजे तो आत्ता रागावलेला आहे. तो रागीट आहे, हे या वाक्यातून कळत नाही. स्वभाव सांगायचा तर 'ही इज बॅड-टेम्पर्ड', 'ही इज हॉट-टेम्पर्ड' किंवा 'ही गेट्स अँग्री ईझिली'. उलट, आज पाणी आलं नाही म्हणून वैतागलेल्या शेजाऱ्याला 'बॅड-टेम्पर्ड' म्हटलंत तर त्याला कायमचा शिक्का बसला. त्याच्यासाठी 'इन अ बॅड मूड' किंवा 'ग्रम्पी धिस मॉर्निंग'.

'बीइंग' या एका शब्दाने हा फरक फार स्वच्छ होतो. 'शी इज रूड' म्हणजे ती उद्धट आहे, स्वभावानेच. 'शी इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता, या प्रसंगात उद्धटपणे वागते आहे. ऑफिसातल्या भांडणात पहिलं वाक्य लिहिलं की समोरचा लढायला उठतो. दुसऱ्यावर निदान बोलणं होऊ शकतं.

'मूडी' जपून वापरा. मराठीत कलाकार माणूस मूडी असतो आणि त्यात थोडं कौतुकही असतं. इंग्रजीत 'मूडी' म्हणजे कारण नसताना मूड बदलणारा, आणि बहुतेक वेळा तोंड पाडून बसणारा. तिथे कौतुक नाही.

इशारा: 'टेम्पर' या शब्दाभोवती चार चुका फिरतात.
- 'ही इज शॉर्ट टेम्पर' चूक. 'ही इज शॉर्ट-टेम्पर्ड' किंवा 'ही हॅज अ शॉर्ट टेम्पर' बरोबर. पहिल्या रूपात शेवटी 'एड' आणि मधे जोडरेघ लागते.
- 'हाय टेम्पर' असं कुणी म्हणत नाही. 'ही हॅज अ टेम्पर' एवढ्यातच रागीटपणा आला.
- 'ही टेम्पर्ड ऑन मी' असं वाक्य इंग्रजीत होत नाही. 'ही लॉस्ट हिज टेम्पर विथ मी' म्हणा.
- वर्तमानकाळात 'लूझ', स्पेलिंगमध्ये एकच 'ओ'. दोन 'ओ' घातले की तो 'लूस' म्हणजे सैल होतो. ईमेलमध्ये ही चूक वारंवार दिसते.

## टप्पा ३: रागाची जात ओळखा

इथे वेळ घालवा. चिडका माणूस म्हणजे सरसकट एकच प्रकार नसतो, आणि मराठीला हे चांगलं ठाऊक आहे.

भडकणारा. तापट, शीघ्रकोपी माणसाला 'हॉट-टेम्पर्ड', 'क्विक-टेम्पर्ड', 'शॉर्ट-टेम्पर्ड' हे तिन्ही चालतात आणि त्यांच्यात फारसा फरक नाही. 'हॉट-हेडेड' मात्र वेगळा. हा रागाच्या भरात विचार न करता काहीतरी करून बसतो: राजीनामा फेकतो, गाडी आडवी घालतो. केव्हा भडकेल याचा अंदाजच येत नसेल तर 'व्हॉलटाइल'. 'इरॅसिबल' हा लिखाणातला, जरा पुस्तकी शब्द आहे. बोलताना तो घुसडू नका.

चिडचिडा. 'इरिटेबल' हा शब्द जवळजवळ तटस्थ आहे. डॉक्टरसुद्धा लक्षण म्हणून तो वापरतात. झोप न झालेला माणूस किंवा दात येणारं बाळ इरिटेबल असतं. 'ग्रम्पी' हलका आहे, घरातल्या माणसाला तोंडावर म्हटलं तरी चालतं. 'टची' म्हणजे एखाद्या विषयावर लगेच दुखावणारा, म्हणून त्याच्यापुढे 'अबाउट' लावून विषय सांगा: 'ही इज टची अबाउट हिज वेट'. 'टेस्टी' बहुतेक उत्तरातून दिसतो, प्रश्न विचारला की त्रासून बोलणारा. चविष्ट या अर्थाच्या 'टेस्टी'शी देवनागरीत तो तंतोतंत सारखा दिसतो, म्हणून स्पेलिंग पक्कं करा: चिडक्यात 'ई' आहे, चविष्टात 'ए'.

याच घरातली मोठी चूक म्हणजे इरिटेबल, इरिटेटेड आणि इरिटेटिंग यांची अदलाबदल. इरिटेबल म्हणजे चिडणारा. इरिटेटेड म्हणजे आत्ता चिडलेला. इरिटेटिंग म्हणजे दुसऱ्याला चीड आणणारा. 'आय अ‍ॅम व्हेरी इरिटेटिंग टुडे' म्हणणारा माणूस स्वतःलाच 'मी आज डोक्यात जातो' असं सर्टिफिकेट देत असतो. अ‍ॅनॉइड आणि अ‍ॅनॉइंगचंही तेच.

फुगून बसणारा. रुसक्या माणसाला 'सल्की'. त्याला तुमचं लक्ष हवं असतं, कुणी समजूत काढली की विरघळतो. 'सलन' मात्र समजुतीची वाट पाहत नाही. तो खुन्नस धरून, मख्ख चेहऱ्याने बसतो. हवं ते मिळालं नाही म्हणून पाय आपटणारा तो 'पेट्युलंट'. हा लहान मुलासारख्या वागण्याचा शब्द आहे. मोठ्या माणसाला लावला तर तुम्ही त्याला पोरकट म्हणताय, हे लक्षात ठेवा.

तुसडा. इथे इंग्रजीकडे भरपूर माल आहे आणि आपण सगळ्यावर 'रूड' चिकटवतो. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत तोबा गर्दीत प्लेट हातात टेकवून 'भिया, आगे चलो' म्हणणारा माणूस रूड नाही, तो 'ब्रस्क' आहे. घाई आहे म्हणून बोलणं तुटक; अपमान करायचा नाही. भाड्याच्या खोलीत पाणी का येत नाही विचारल्यावर 'देखेंगे' एवढंच म्हणून दार लावणारा घरमालक 'कर्ट'. हा शब्द माणसापेक्षा त्याच्या उत्तराला जास्त शोभतो: 'अ कर्ट रिप्लाय'. खिडकीपलीकडे मान वर न करता 'पुढच्या खिडकीवर' असं गुरगुरणारा 'सर्ली'. आवाज खरखरीत पण मनाने बरा, असा फणसाच्या जातीचा माणूस 'ग्रफ'. आणि ज्याच्या बोलण्याने रोज कुणाचं तरी साल निघतं तो 'अब्रेझिव्ह'. या पाचांपैकी कुणी नसेल आणि माणूस मुद्दाम अपमान करत असेल, तरच 'रूड'कडे या.

फटकळ माणूस याच वस्तीत राहतो. खरं ते तोंडावर बोलतो म्हणून 'ब्लंट' किंवा 'आउटस्पोकन'. दोन्ही शब्दांत थोडा आदर शिल्लक असतो. कुठे काय बोलावं हे कळत नसेल तर 'टॅक्टलेस', तिथे आदर संपला.

बोचरा. खवचट बोलणं म्हणजे बहुधा 'सरकॅस्टिक'. कुजकट बोलण्याला 'स्नाइड' जास्त जवळचा. वरून साधं वाटणारं, आतून डंख मारणारं वाक्य म्हणजे 'अ स्नाइड रिमार्क'. 'कॅटी' हा शब्द सर्रास बायकांबद्दलच वापरला जातो, म्हणून लिहिताना टाळा.

मनात ठेवणारा. हा क्रम पाठ करण्यासारखा आहे. 'रिझेंटफुल' माणसाच्या मनात सल आहे, त्याने अजून काही केलेलं नाही. 'स्पाइटफुल' माणूस छोट्या-छोट्या कुरापती करतो: मुद्दाम गाडीमागे गाडी लावणं, निरोप न देणं. 'व्हिंडिक्टिव्ह' डूख धरून हिशेब चुकता करतो. 'मलिशस' माणसाला तुमचं नुकसानच हवं असतं. 'डूख धरणे'साठी सरळ 'होल्ड अ ग्रज' वापरा. त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'डी' आहे, उच्चारात तो वेगळा ऐकू येत नाही.

उरलेले भराभर. हट्टी म्हणजे 'स्टबर्न', हेकट म्हणजे 'ऑब्स्टिनेट', आणि चिडून म्हणायचं तर 'पिग-हेडेड'. भोचक आणि चोंबडा, दोघांनाही 'नोझी'. तोंडावर एक आणि मागे एक बोलणारा 'टू-फेस्ड'. कटकट करत तेच तेच मागे लागणं म्हणजे 'नॅग', रडवेल्या सुरात तक्रार म्हणजे 'व्हाइन', स्वतःशी कुरकुर म्हणजे 'ग्रम्बल'.

तपासणी: निवडलेल्या शब्दाच्या जागी शेजारचा शब्द ठेवून पाहा. 'कर्ट'च्या जागी 'अब्रेझिव्ह' ठेवल्यावर तुमचं म्हणणं बदलत नसेल, तर दोन्हींतला एक तुम्हाला नीट कळलेला नाही.

## टप्पा ४: राग वरून खाली की खालून वर

'उर्मट' आणि 'उद्धट' मराठीत साहेबालाही चालतात आणि शिपायालाही. इंग्रजीत काही शब्दांना दिशा असते. 'इन्सोलंट' आणि 'इम्पर्टिनंट' खालून वर जातात: विद्यार्थी शिक्षकाशी, नोकर मालकाशी. 'माय बॉस सेंट मी अ‍ॅन इन्सोलंट ईमेल' हे वाक्य म्हणून हास्यास्पद होतं. आगाऊ पोराला 'चीकी', हा ब्रिटिश इंग्रजीत बराचसा लाडिक शब्द आहे.

वरून खाली येणारे शब्द वेगळे. 'तुला नाही कळायचं ते' या सुरात बोलणारा 'कंडिसेंडिंग' किंवा 'पॅट्रनायझिंग'. दुसऱ्याला बोलूच न देता आपलंच पुढे रेटणारा 'ओव्हरबेअरिंग'. घरात सगळ्यांना धाकात ठेवणारा 'डॉमिनीअरिंग'. 'अ‍ॅरोगंट' दोन्ही दिशांना चालतो, त्यामुळेच तो इतका झिजला आहे. 'प्राउड ऑफ' म्हणजे अभिमान, चांगल्या अर्थाने. स्वतःवरच खूश असलेला 'कन्सीटेड'. आरशापुढून न हलणारा 'व्हेन'.

## टप्पा ५: वजन, वय, बाई की पुरुष

ग्रम्पी, बॅड-टेम्पर्ड, नॅस्टी, ऑब्नॉक्शस, व्हाइल असं वजन साधारण चढत जातं. ऑफिसात दुसऱ्या पायरीच्या वर चढू नका. वेब सिरीजमधून शिकलेले 'जर्क' आणि त्याचे भाऊबंद बोलण्यापुरतेच ठेवा.

'कँटँकरस', 'क्रॉचेटी', 'कर्मजन' हे तीन शब्द वयस्कर, भांडकुदळ माणसाचे आहेत, आणि त्यांत थोडी गंमतही असते. रामबागेतल्या वाड्यात पोरांचा चेंडू परत न देणारे काका 'कर्मजन' शोभतील. त्यातही 'कर्मजन' हे नाम आहे, म्हणून आधी 'अ' लागतो.

इशारा: 'खाष्ट सासू' आणि 'कजाग बाई' यांचं भाषांतर करताना कोश 'श्रू', 'बॅटलअ‍ॅक्स' असले शब्द पुढे करतो. ते फक्त बायकांसाठीचे, जुने आणि अपमानकारक आहेत. 'बॉसी' आणि 'नॅगिंग'सुद्धा मुख्यतः बायकांवरच टाकले जातात. खाष्टपणा सांगायचा तर 'हार्श', 'डॉमिनीअरिंग', 'शार्प-टंग्ड' यांपैकी जे खरं असेल ते लिहा. सोपी चाचणी: हेच वागणं पुरुषाचं असतं तर हाच शब्द वापरला असता का?

## टप्पा ६: क्लायंट कोणत्या देशाचा

'मीन' म्हणजे अमेरिकेत दुष्टपणे वागणारा, ब्रिटनमध्ये कंजूषही. 'मॅड' म्हणजे अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये बहुधा वेडा. 'क्रँकी' अमेरिकेत चिडचिडा. लहरी, विक्षिप्त हा अर्थ ब्रिटिश वापरातला आणि आपल्याकडे रुजलेला. अमेरिकन सहकारी 'आय अ‍ॅम क्रँकी टुडे' म्हणाला तर त्याची झोप झालेली नाही, एवढंच. 'क्रॉस' म्हणजे थोडासा रागावलेला, हा ब्रिटिश शब्द. 'बीइंग ऑकवर्ड' म्हणजे ब्रिटिश बोलण्यात मुद्दाम अडवून धरणं. आपल्या 'आडमुठेपणा'ला याहून जवळचं काही मिळणं कठीण.

'चीप' हा आपला खास सापळा. 'काय चीप माणूस आहे' म्हणजे आपल्याकडे हलक्या दर्जाचा, थिल्लर. अमेरिकन माणूस 'ही इज चीप' ऐकून 'पैसे सोडत नाही वाटतं' असं समजेल. तुम्हाला थिल्लर म्हणायचं असेल तर 'व्हल्गर' किंवा 'क्रास' वापरा. (रागाचा विषय नाही, पण सांगून ठेवलेलं बरं: लग्नाच्या जाहिरातीतला 'होमली' अमेरिकेत कुणाच्या बायकोला लावू नका. तिथे त्याचा अर्थ दिसायला बेताची असा होतो.)

## टप्पा ७: शब्द वाक्यात बसवा

नेमका शब्द सापडल्यावरही वाक्य पुढच्या पाच ठिकाणी घसरतं.

1. माझ्यावर, मुझ पर. मराठी आणि हिंदी दोन्ही 'वर' सुचवतात, म्हणून 'अँग्री ऑन मी' तोंडात बसलेलं असतं. माणसाशी 'अँग्री विथ' किंवा 'अँग्री अ‍ॅट', गोष्टीबद्दल 'अँग्री अबाउट'. तसंच 'रूड टू', 'मीन टू', 'शॉर्ट विथ', 'जेलस ऑफ', 'फेड अप विथ'. शब्द वहीत लिहिताना त्याचं शेपूटही सोबतच लिहा.

2. नाम की विशेषण. 'ही इज अ रूड' चूक, 'ही इज रूड' किंवा 'अ रूड मॅन' बरोबर. 'बुली', 'स्नॉब', 'बॅकबायटर' ही नामं आहेत, त्यांना 'अ' हवाच.

3. विशेषणांचा क्रम. मत आधी, वय नंतर: 'अ ग्रम्पी ओल्ड मॅन'. 'ओल्ड ग्रम्पी मॅन' कानाला खटकतं.

4. दुहेरी जोर. 'व्हेरी ऑब्नॉक्शस', 'टू मच अ‍ॅरोगंट' नको. पहिला शब्द मुळातच जड आहे, दुसऱ्यात 'टू मच' व्याकरणातच बसत नाही. 'सो अ‍ॅरोगंट' चालेल.

5. सेन्सिबल आणि सेन्सिटिव्ह. पहिला समजूतदार, दुसरा हळवा. बोलता बोलता लगेच दुखावणाऱ्या माणसाला 'सेन्सिबल' म्हणून त्याची स्तुती होऊन जाते.

## टप्पा ८: पाठवण्याआधी विशेषण काढून पाहा

एचआरला लिहिलेला असा मजकूर नेहमी दिसतो: 'माय टीम लीड इज व्हेरी अ‍ॅरोगंट अँड शॉर्ट टेम्पर. ही इज ऑलवेज अँग्री ऑन मी.'

टप्प्यांतून नेऊ. तो नेमकं काय करतो? डेडलाइन जवळ आली की तोडून बोलतो, आणि सोमवारी क्लायंटसमोर खेकसला. म्हणजे नेहमी नाही, ठरावीक वेळी, 'ऑलवेज' गेला. वरून खाली बोलतो, पण कमी लेखत नाही, खेकसतो, 'अ‍ॅरोगंट' गेला. खेकसण्याला इंग्रजीत नेमकं क्रियापद आहे, 'स्नॅप अ‍ॅट'. उरतं ते असं: 'माय टीम लीड कॅन बी शॉर्ट विथ पीपल व्हेन अ डेडलाइन इज क्लोज. ऑन मंडे ही स्नॅप्ड अ‍ॅट मी इन फ्रंट ऑफ द क्लायंट.'

दुसरा मजकूर सौम्य दिसतो, पण काम तोच जास्त करतो. त्यात वार आहे, प्रसंग आहे, साक्षीदार आहे. 'अ‍ॅरोगंट' खोडून काढायला समोरच्याला एक वाक्य पुरतं, सोमवारचा प्रसंग खोडून काढणं अवघड.

यासाठी क्रियापदांचा वेगळा साठा करा: स्नॅप अ‍ॅट, शाउट अ‍ॅट, सल्क, स्काउल, स्टॉर्म आउट, पिक ऑन, पुट समवन डाउन, लुक डाउन ऑन, बॅडमाउथ. धार कमी करायची तर 'कॅन बी', 'टेन्ड्स टू बी', 'अ बिट'. 'नॉट द ईझिएस्ट पर्सन टू वर्क विथ' हे ब्रिटिश माणसाच्या तोंडून आलं तर तक्रार गंभीर आहे असं समजा. 'डिफिकल्ट' हा शब्दही माणसाला लावला की वाटतो तितका मऊ राहत नाही.

इशारा: नाव घेऊन उघड रिव्ह्यू किंवा पोस्ट लिहिताना 'मलिशस', 'क्रूक'सारखे हेतूवर किंवा प्रामाणिकपणावर बोट ठेवणारे शब्द वापरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली मानहानी हा गुन्हा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची होऊ शकते. 'ही केप्ट अस वेटिंग अँड रिफ्यूज्ड टू आन्सर' असं घडलेलं लिहा.

## आयेल्ट्स (इंग्रजीची परीक्षा) देणाऱ्यांसाठी

स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळाल्यावर तयारीला १ मिनिट असतं आणि बोलायचं १ ते २ मिनिटं. उद्धट किंवा त्रासदायक माणसाचं वर्णन करायची वेळ आली तर त्या मिनिटात यादी करू नका. कागदावर चारच गोष्टी लिहा: एक स्वभावाचा शब्द, दोन क्रियापदं, एक प्रसंग, आणि एक धार कमी करणारा शब्द. स्वभावाचा शब्द पहिल्या अर्ध्या मिनिटात येऊ द्या, म्हणजे पुढचा प्रसंग त्याला आधार देतो.

गुण ज्या चार निकषांवर मिळतात त्यांत शब्दसंपत्ती हा एक आहे, आणि तिथे अडलेला शब्द फिरवून सांगता येणं हेही धरलं जातं. तेव्हा 'सर्ली' ओठांवर येऊन अडला तर थांबून राहू नका. 'ही नेव्हर स्माइल्स, अँड ही आन्सर्स अ‍ॅज इफ यू वर डिस्टर्बिंग हिम' म्हणा आणि पुढचं वाक्य सुरू करा.